सर्व्हरचा फॅन फिरतोय, तरी 'लोअर क्रिटिकल' येतंय: नेमकं काय बदलायचं?

कांजूर_लोकल

२यू (रॅकमधल्या दोन युनिटांच्या उंचीचा) सर्व्हर आहे, मधल्या भिंतीत ८० बाय ३८ मिमीचे चार हॉट-स्वॅप फॅन, म्हणजे मशीन चालू असतानाही काढता-घालता येणारे. जागा अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीतला जुना गाळा. एक रॅक, दीड टनाचा स्प्लिट एसी. काही आठवड्यांपासून फॅन-३ ला 'लोअर क्रिटिकल गोइंग लो', म्हणजे वेग धोक्याच्या मर्यादेखाली गेल्याचा अलार्म येतो, त्यासरशी चारही फॅन पूर्ण वेगाने सुटतात. मिनिटा-दोन मिनिटांत अलार्म निघतो आणि वेग खाली येतो. कधी लगेच पुन्हा तेच, कधी दिवसभर शांत.

दर दोन सेकंदांनी घेतलेली रीडिंग (आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेऱ्या), साध्या लोडला:
फॅन-१: ३६००, ३६००, ३५००, ३६००
फॅन-२: ३५००, ३५००, ३५००, ३५००
फॅन-३: ३५००, ०, ३४००, ७००
फॅन-४: ३६००, ३५००, ३६००, ३६००

पूर्ण वेगाला सगळे ९४००-९५००. फॅन-३ मधूनच ८१०० दाखवतो, पण तेव्हा अलार्म नाही. लोअर क्रिटिकल ८०० वर आहे. सीपीयू ५२ अंश, इनलेट २३. झाकण काढून टॉर्च मारला तर फॅन-३ व्यवस्थित फिरतोय. लॉगमध्ये बहुतेक नोंदी पहाटे साडेतीनच्या आसपासच्या, त्या वेळी खोलीत कुणीही नसतं.

एक विक्रेता म्हणतो फॅन बदला, दुसरा म्हणतो मदरबोर्डच गेला. दोघांची कोटेशन्स समोर आहेत. कुठून सुरुवात करू?

टॅकोमीटर

दोन्ही कोटेशन्स तूर्त बाजूला ठेवा. उत्तर निम्मं तुमच्या रीडिंगमध्येच आहे.

३५०० वर फिरणारा ८० मिमीचा रोटर दोन सेकंदांत थांबून पुढच्या दोन सेकंदांत परत ३४०० ला पोचत नाही. वीज काढली तरी तो काही सेकंद गरगरत राहतो, आणि शून्यातून वेग घ्यायलाही वेळ लागतो. म्हणजे ते '०' फॅनच्या वेगाचं नाही, मोजमापाचं आहे. बेअरिंग जाम होत असतं तर आकडा हळूहळू उतरला असता: ३५००, ३३००, ३०००, आणि पूर्ण वेगालाही तो भावंडांच्या मागे राहिला असता.

चार तारा असतात. पिन १ ग्राउंड, २ वर १२ व्होल्ट, ३ वर टॅक, म्हणजे फॅनकडून बोर्डाला जाणारे पल्स, आणि ४ वर पीडब्ल्यूएम, म्हणजे बोर्डाचा फॅनला हुकूम, साधारण २५ किलोहर्ट्झचा. एका फेरीला दोन पल्स, म्हणून हर्ट्झ गुणिले ३० म्हणजे आरपीएम. कुठली तार तुटली की काय दिसतं, हे डोक्यात पक्कं असलं की अर्धं निदान खुर्चीत बसून होतं:

१२ व्होल्ट किंवा ग्राउंड गेलं: फॅन बंद, रीडिंग शून्य.
टॅक गेला: फॅन फिरतोय, रीडिंग शून्य किंवा वेडंवाकडं. बीएमसी (बोर्डावरची देखरेखीची स्वतंत्र चिप) घाबरून बाकीच्यांना पळवतो.
पीडब्ल्यूएम गेला: तो एकच फॅन कायम पूर्ण वेगाने, कारण ती तार मोकळी राहिली की फॅन १०० टक्के धरून चालतो.

तुमचं दुसरं प्रकरण. आकडा कायम बरोब्बर अर्धा किंवा दुप्पट असता तर मी वेगळ्या जातीचा फॅन किंवा पल्सची चुकीची सेटिंग म्हटलं असतं. उड्या मारणारा आकडा म्हणजे कॉन्टॅक्ट.

आणि ते ८१०० सोडून देऊ नका. पल्स पूर्ण वेगालाही गळतायत. फक्त ९४०० मधून थोडे गेले तरी ८०० च्या खाली जात नाही, म्हणून अलार्म गप्प. फॅन 'बरा' होत नाहीये.

अवांतर: ३५०० आणि ३६०० मधला फरक मनाला लावून घेऊ नका. आयपीएमआयचा (बीएमसी ज्या देखरेख-मानकाने बोलतो त्याचा) सेन्सर ८ बिटांचा असतो, त्यामुळे बऱ्याच बोर्डांवर आकडा शंभर-शंभरच्या पायरीनेच सरकतो.

रॅकयुनिट

टॅकोमीटरशी सहमत. दोन कामं आधी करा, दोन्ही फुकटची.

पहिलं, घड्याळ. 'आयपीएमआयटूल सेल टाइम गेट' चालवा आणि हातातल्या घड्याळाशी ताडा. बीएमसी बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतो. तुमचे पहाटेचे ३:३० अधिक साडेपाच तास म्हणजे सकाळचे ९. त्या वेळी खोलीत कुणी नसतं असं म्हणता येईल का?

दुसरं, अदलाबदल. फॅन-३ आणि फॅन-४ वर मार्करने खूण करा आणि जागा बदला. दोष फॅनबरोबर ४ मध्ये गेला तर फॅन खराब. ३ मध्येच राहिला तर फॅन निर्दोष. चालू मशीनवर करणार असाल तर:

एका वेळी एकच फॅन बाहेर. रिकाम्या भोकातून बाकीच्या फॅननी ढकललेली गरम हवा मागून पुढे वळते, आणि त्या फॅनसमोरच्या डिस्क व सीपीयूला थंड हवा मिळतच नाही. अदलाबदलीत क्षणभर दोन्ही भोकं रिकामी राहायला नकोत, म्हणून एखादा स्पेअर हाताशी हवा. तो नसेल तर सरळ मशीन बंद करून करा.
सीपीयूवरचं हवा वळवणारं प्लास्टिकचं श्राउड (आवरण) हलवू नका. झाकण उघडं असताना हवेचा मार्गच मोडतो, तेव्हा काम मिनिटांत उरका.
रोटर पूर्ण थांबेपर्यंत बोट आत नको. ३८ मिमी जाडीचे फॅन पूर्ण वेगात बोट सहज फाडतात.
बसवताना 'टक्' असा आवाज यायला हवा. अर्धवट बसलेला हॉट-स्वॅप फॅन हे 'फॅन गेला'चं सर्वांत स्वस्त कारण आहे.

नंतर फॅन मोड 'फुल' करून पाच मिनिटं रीडिंग घ्या, मग परत नेहमीचा मोड. एकाच मॉडेलचे फॅन एकाच ड्यूटीला (पीडब्ल्यूएमच्या टक्केवारीला) साधारण १० टक्क्यांच्या आत असायला हवेत. डेटाशीटमध्येही सहसा तेवढीच सूट दिलेली असते. कमी ड्यूटीला पसारा थोडा वाढतो.

कांजूर_लोकल

घड्याळ यूटीसीवरच आहे. म्हणजे सगळ्या नोंदी सकाळी ९ ते साडेनऊच्या. तेव्हा ऑफिस उघडतं, सफाई होते, खोलीचं दार बराच वेळ सताड उघडं असतं.

मशीन बंद करून ३ आणि ४ ची अदलाबदल केली. दोष जागा ३ मध्येच राहिला. जुना फॅन-३ आता ४ मध्ये ठणठणीत चालतोय. म्हणजे मदरबोर्डवाला विक्रेता बरोबर?

सोल्डर_मावशी

थांब रे, मध्ये बरंच काही आहे. हॉट-स्वॅप पिंजऱ्यात, म्हणजे फॅन ज्या चौकटीत बसतात तिच्यात, दोन जोड असतात: फॅन जिथे खुपसतो तो पिंजऱ्याचा कनेक्टर, आणि तिथून निघालेली छोटी वायर जिथे बोर्डाच्या ४ पिन हेडरवर (पिनांच्या खुंट्यांवर) बसते तो. बोर्डाचा नंबर त्याच्यानंतर.

मीटरला हर्ट्झचं माप असेल तर फार बरं. बोर्डाच्या हेडरवर, प्लगच्या मागच्या बाजूने, तारेच्या भोकातून बारीक प्रोब घाल. काळा प्रोब चॅसीला.

पिन २: ११.४ ते १२.६ व्होल्ट. याच्या खाली गेलं तर हेडरचा फ्यूज किंवा जोड बघ.
पिन ३, फॅन फिरताना: ३५०० आरपीएमला सुमारे ११७ हर्ट्झ, ९४०० ला ३१३. बोर्डाच्या हेडरवर स्थिर ११७ येतंय आणि बीएमसी तरी शून्य दाखवतो, तर बोर्ड किंवा बीएमसी. हेडरवरच आकडा नाचतोय, तर दोष हेडर आणि फॅनच्या मध्ये.
पिन ३, फॅन काढल्यावर: बोर्डाच्या पुल-अपचा व्होल्टेज स्थिर दिसायला हवा, बोर्डानुसार ३.३, ५ किंवा १२. टॅक हा ओपन-कलेक्टर असतो, फॅन फक्त ती तार खाली ओढतो. वर ओढायचं काम बोर्डाचं. इथे शून्य आलं तर बोर्डाची बाजू संशयित.
पिन ४: साधा डीसी व्होल्टेज मोजलास तर सरासरी दिसते, ड्यूटी वाढेल तशी वाढते. चारही हेडरांवर सारखीच यायला हवी.

प्रोब घसरून पिन २ आणि ३ एकत्र आल्या तर १२ व्होल्ट थेट बीएमसीच्या इनपुटमध्ये जाऊ शकतात. मग मात्र मदरबोर्डचं कोटेशन खरं होईल. हात थरथरत असेल तर मशीन बंद करून फक्त कन्टिन्युइटी (तार अखंड आहे का) बघ: पिंजऱ्याच्या कनेक्टरपासून हेडरपर्यंत चारही तारा, तारा हलवत हलवत.

फॅन बाहेर असताना पिंजऱ्याच्या कनेक्टरवर टॉर्च आणि भिंग. हिरवट, पांढुरकी पूड दिसते का? मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा चालेल.

कांजूर_लोकल

मावशी, हेडरवरच आकडा नाचतो: ११६, ११७, ४०, ०, ११५. पुल-अप स्थिर ३.३. आणि हो, पिंजऱ्याच्या कनेक्टरमध्ये तिसऱ्या पिनच्या मुळाशी हिरवट थर आहे. बाकीच्या तिघांत फक्त धूळ.

दमट

सकाळी ९ चं कोडं सुटलं मग. जुलैत मुंबईत बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. एसीने थंड केलेली खोली, दार उघडलं, बाहेरची हवा आत आली, २५ च्या खालचा प्रत्येक पत्रा घामाघूम. तेच पाणी कनेक्टरमध्ये.

खाडीपलीकडे

रॅकच्या दारापुरतं बरोबर, चालू सर्व्हरच्या आत नाही. फॅनची भिंत डिस्कच्या मागे असते, तिथला पत्रा इनलेटपेक्षा काही अंशांनी गरमच असतो. आणि जी हवा आत जाते ती रॅकच्या तोंडापर्यंत येताना खोलीच्या हवेत मिसळलेली असते. आत दव पडायला मशीन बंद आणि थंड असावं लागतं.

खरा गुन्हेगार मीठ आहे. समुद्राकडच्या हवेतून येणारी धूळ खारट असते. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला पाझरायला लागतं, पण समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराईड त्याच्या कितीतरी आधी, ३३ टक्क्यांच्या सुमारासच पाणी धरतं. म्हणजे दव न पडताही धुळीचा थर ओलसर होतो, दोन पिनांमध्ये गळती सुरू होते, आणि कायम ३.३ व्होल्टवर असलेल्या बारीक टॅक पिनला गंज चढतो. १२ व्होल्टच्या पिनवरही तेच होतं, पण तिथून अँपिअरमध्ये करंट जातो, जरासा गंज पचून जातो. टॅकमधून मिलिअँपिअर जातो, त्याला तेवढाही अडथळा भारी पडतो.

उपाय एसी १६ वर करणं नव्हे. अॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेची शिफारस इनलेटला १८ ते २७ अंशांची आहे. २४ वर ठेवा. थोड्या लोडच्या खोलीत दीड टनाचा स्प्लिट पटकन तापमान गाठतो, कॉम्प्रेसर बंद होतो, ब्लोअर चालूच राहतो आणि कॉइलवरचं पाणी परत खोलीत उडवतो. 'ड्राय' मोड किंवा वेगळा डिह्युमिडिफायर, आणि दाराला क्लोजर. एसीचं इनडोअर युनिट रॅकच्या डोक्यावर असेल तर ते आधी हलवा. ड्रेनचा पाइप तुंबला की सगळं पाणी रॅकवर.

दमट

मान्य. बंद मशीनचा मुद्दा मात्र लक्षात ठेवण्यासारखा: शनिवार-रविवार सर्व्हर बंद आणि एसी चालू ठेवणारी ऑफिसं आहेत. सोमवारी दार उघडून लगेच पॉवर बटण दाबू नये.

सोल्डर_मावशी

साफसफाई अशी. मशीन बंद, दोन्ही पॉवर कॉर्ड काढ, पाच मिनिटं थांब. कोरडी धूळ आधी मऊ ब्रशने, मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा थर न सोडणारा कॉन्टॅक्ट क्लीनर. कनेक्टरमध्ये फवारा, फॅन चार-पाच वेळा आत-बाहेर, परत फवारा, पंधरा-वीस मिनिटं वाळू दे. डब्ल्यूडी-४० नको, त्याचा तेलकट थर पुढच्या पावसाळ्यात धूळ धरून बसतो. पॉलिश पेपर तर अजिबात नको. पिनवरचा मुलामा सोन्याचा असो नाहीतर टिनचा, एकदा गेला की खालचं तांबं उघडं पडतं आणि गंज दुप्पट वेगाने येतो.

पण हिरवं दिसलं म्हणजे मुलामा आधीच गेलाय. साफ केल्यावर काही महिने चालेल, कायमचं नाही. पिंजरा आणि वायरचा सेट सुटा मिळतो, तोच मागव. मदरबोर्डच्या मानाने किरकोळ.

भांडुप_भोंगा

हे सगळं करत बसण्यापेक्षा लोअर क्रिटिकल ८०० वरून १०० करा, अलार्म बंद.

टॅकोमीटर

आणि ज्या दिवशी फॅन खरंच थांबेल त्या दिवशी ० च्या आधी कुणालाच कळणार नाही. शिवाय यांच्याकडे रीडिंग शून्यावरच जातंय, १०० चा उंबरठाही तुटेल.

उंबरठा बदलण्याची एकच रास्त जागा आहे: मुद्दाम कमी वेगाचे फॅन बसवले असतील तेव्हा. तिथे फॅन निवांत ४०० वर फिरतो, बीएमसी त्याला मेलेला समजून सगळ्यांना पूर्ण वेगाने सोडतो, आकडा वर येतो, अलार्म निघतो, वेग उतरतो, परत तेच. लाटांसारखा चढ-उतार ऐकू आला की समजावं. आयपीएमआयटूलच्या 'सेन्सर थ्रेश' कमांडमध्ये फॅनचं नाव, 'लोअर', मग चढत्या क्रमाने तीन आकडे: नॉन-रिकव्हरेबल, क्रिटिकल, नॉन-क्रिटिकल. आधी डेटाशीटमधला किमान वेग बघा आणि उंबरठा त्याच्या बराच खाली ठेवा.

रात्रपाळी

याच धाग्यात विचारतो. १यू मशीन, ४० मिमीचे जोड-फॅन, प्रत्येकाला ए आणि बी अशी दोन रीडिंग. सगळी बरोबर, अलार्म नाही, पण २बी मधून खरखर येते आणि एका डिस्कचा लेटन्सी (प्रतिसादाला लागणारा वेळ) मधूनच चढतो. संबंध असेल का?

रॅकयुनिट

असू शकतो. आरपीएम बरोबर म्हणजे बेअरिंग चांगलं असं नाही; कंट्रोलर जास्त करंट देऊन वेग टिकवतो. खिळखिळं बेअरिंग थरथरतं, ती थरथर चॅसीतून फिरत्या डिस्कच्या हेडपर्यंत जाते, हेड ट्रॅकवरून ढळतं, डिस्क पुन्हा प्रयत्न करते. एसएसडीला फरक पडत नाही. त्या फॅनचा वेग दोन पायऱ्या बदलून बघा. लेटन्सी त्याच्याबरोबर हलला तर फॅनच.

बेअरिंगची साधी परीक्षा: मशीन बंद करा आणि कोणता रोटर किती वेळ फिरत राहतो ते बघा. खराब बेअरिंगचा रोटर भावंडांच्या आधी, गचकन थांबतो. ए आणि बी उलट दिशांनी फिरतात, त्यांची तुलना आपसांत नको. २बी ची १बी आणि ३बी शी करा. बदलताना अख्खं मॉड्यूल, एक रोटर सुटा करत बसू नका.

तेल सोडण्याचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका. बॉल बेअरिंगमध्ये ग्रीस असतं. शिलाई मशीनचं तेल ते धुऊन काढतं, आठवडाभर आवाज जातो आणि मग बेअरिंगच जातं. ब्लोअरने धूळ उडवतानाही पाती काडीने अडवा. हवेने सैरभैर फिरला की फॅन जनरेटर होतो, शिवाय बेअरिंगची वाट लागते ती वेगळी.

सान्यो डेन्कीच्या सॅन एस मालिकेतल्या बऱ्याच फॅनांना ६० अंशांला ४०,००० तास आयुष्य दिलेलं असतं, म्हणजे साडेचार वर्षांच्या वर थोडं. पण त्याचा अर्थ तेवढ्या तासांत दहातला एक जाईल असा घ्यायचा, सगळे टिकतील असा नाही. पाच वर्षांच्या मशीनमध्ये एक गेला तर सेट मागवा, गेलेला बदला, उरलेले स्पेअर ठेवा.

खाडीपलीकडे

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेणार असाल तर जुना फॅन हातात घेऊन जा. फक्त '८० बाय ३८, १२ व्होल्ट' सांगून घेऊ नका. एकाच मॉडेल नंबरच्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांत पिनांचा क्रम, पीडब्ल्यूएम आहे की नाही आणि कनेक्टर ठरतो. अँपिअर जुळवा: १.८ अँपिअरच्या जागी ०.६ चा बसवला तर तो बिचारा शेजाऱ्यांच्या दाबापुढे टिकत नाही, हवा उलटी त्याच्यातून परत येते. दाब वेगाच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे वेगात थोडा फरक म्हणजे दाबात बराच.

दुकानात १२ व्होल्टवर लावायला सांगा, पीडब्ल्यूएमची तार मोकळी. पूर्ण वेगाने सुटायला हवा, करंट लेबलवरच्या आकड्यापेक्षा जास्त नको. चिकटवलेलं नवं लेबल आणि पात्यांच्या कडांना काळी धूळ असेल तर तो 'नवा' फॅन कुठल्यातरी भंगार सर्व्हरमधून काढलेला आहे. अक्ष धरून पुढेमागे हलवा. ढिला लागला तर पुढचं दुकान.

कांजूर_लोकल

अपडेट. कनेक्टर साफ केला, हेडरवर ११७ स्थिर, पूर्ण वेगाला ३१३. सकाळी ९ ला दार उघडं ठेवून मुद्दाम बघितलं, फॅन-३ ३५०० वरून हलला नाही. पिंजऱ्याचा सेट मागवलाय, एसी २४ वर, दाराला क्लोजर लागतोय. एकच शंका: बीएमसीच्या पानावर अजूनही 'फॅन रिडन्डन्सी लॉस्ट' (एखादा फॅन गेला तर भागवणारी राखीव क्षमता उरली नाही) लाल दिसतं, फॅन मात्र चारही हिरवे.

टॅकोमीटर

ती अडकलेली स्थिती आहे. आधी लॉग फाइलमध्ये उतरवून घ्या, मग 'आयपीएमआयटूल एमसी रीसेट कोल्ड'. सर्व्हर चालूच राहतो, फक्त बीएमसी नव्याने सुरू होतो. तेवढा वेळ फॅन पूर्ण वेगाने ओरडतील आणि वेब पान उघडणार नाही, घाबरू नका. तरी लाल राहिलं तर मशीन बंद करून दोन्ही कॉर्ड काढा, अर्ध्या मिनिटाने लावा. आणि पिंजरा बदलाल त्या दिवशी उरलेल्या तिघांच्या कनेक्टरवरची धूळही काढून घ्या, ती त्याच हवेतून आली आहे.